अंतराळप्रवास आणि आपला देह

१८ मार्च २०२५ रोजीं अमेरिकेंतील फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रांत एक अंतराळयान उतरलें. त्यांतून सुनीता विल्यम्स व बुच विल्मोर हीं दोघें २८६ दिवसांनीं पृथ्वीवर परत आलीं. आठवडाभराच्या कामासाठीं गेलेल्या या दोघांना, जातांनाच्या यानांत निघालेल्या दोषांमुळें, नऊ महिने वर काढावे लागले, ही हकीकत आपणां सर्वांस ठाऊक आहे. यानाचें दार उघडल्यावर जें दृश्य दिसलें, तेंहि पुष्कळांच्या स्मरणांत असेल. दोघेंहि हंसत होतीं, हात हालवीत होतीं. परंतु त्यांना चालूं न देतां स्ट्रेचरवर घालून नेण्यांत आलें. तें पाहून अनेकांच्या मनांत आलें असेल कीं, यांच्या प्रकृतीला कांहीं मोठा अपाय झाला आहे.

वस्तुतः त्यांत नवल कांहींच नव्हतें. महिनोन्महिने अंतराळांत राहून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशीं असेंच सांभाळावें लागतें. हीं माणसें निवडक आरोग्याचीं, नित्य व्यायाम करणारीं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं राहणारीं. त्यांना वर अन्न, हवा, पाणी, झोंप हीं सर्व मिळत होतीं. मग त्यांच्या देहाला उणें काय पडलें? आजच्या भाषणांत मला याच प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें आहे. एका शब्दांत सांगावयाचें तर, उणें पडलें तें वजन. जन्मल्यापासून जें ओझें आपण नकळत वाहत असतों, तें उतरलें म्हणजे देहाचें काय होतें, हें अंतराळप्रवासानें माणसाला प्रथमच दाखविलें. आणि तें ज्ञान जमिनीवर राहणाऱ्या आपणां सर्वांच्या उपयोगाचें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अंतराळांत पृथ्वीचें आकर्षण नसतें म्हणून माणसें तरंगतात, असें वर्गांतील मुलें मला सांगत असत, आणि पुष्कळ मोठीं माणसेंहि तसेंच मानतात. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक पृथ्वीपासून सुमारें ४०० किलोमीटर उंचीवर फिरतें. तेथें पृथ्वीची ओढ जमिनीवरील ओढीच्या सुमारें ९० टक्के शिल्लक असते. मग वजन जातें कोठें? एखाद्या उंच इमारतीच्या लिफ्टचा दोर तुटून ती खालीं येऊं लागली अशी कल्पना करा. आंतला माणूस आणि त्याच्या पायांखालची फळी एकाच वेगानें खालीं येत असल्यामुळें त्याचे पाय त्या फळीवर दाबले जात नाहींत. तो आंतल्या आंत तरंगूं लागतो. अंतराळस्थानक असेंच अखंड पडत असतें. फरक इतकाच कीं, तें ताशीं सुमारें २८,००० किलोमीटर वेगानें पुढेंहि धांवत असतें, आणि जितकें तें खालीं पडतें तितकाच पृथ्वीचा गोल त्याच्याखालीं वळत जातो. म्हणून तें जमिनीला न लागतां दर दीड तासाला एक प्रदक्षिणा घालीत राहतें. तात्पर्य, तेथें ओढ आहे. ती अडविणारी जमीन पायांखालीं नाहीं. आपणांस वजन जाणवतें तें त्या अडवणुकीमुळें.

१२ एप्रिल १९६१ रोजीं युरी गागारीन १०८ मिनिटांचा प्रवास करून सुखरूप परत आले. तत्पूर्वीं डॉक्टरमंडळींना नाना शंका होत्या. वजनावांचून घांस गळ्याखालीं उतरेल काय, मन ठिकाणावर राहील काय, असे प्रश्न गंभीरपणें विचारले जात. १९६२ सालीं जॉन ग्लेन हे अमेरिकन अंतराळवीर गेले, तेव्हां डोळ्यांचा आकार बदलून दृष्टि बिघडेल या शंकेनें त्यांच्यापुढें अक्षरांचा एक लहानसा तक्ता लावला होता, आणि त्यांनीं तो मधूनमधून वाचून पाहावयाचा होता. घांस गळ्याखालीं उतरला, तक्ताहि वाचतां आला. अन्ननळीचे स्नायु अन्न पुढें ढकलतात. त्यांना पृथ्वीच्या मदतीची गरज नसते. पहिल्या भीति अशा रीतीनें फोल ठरल्या. खऱ्या अडचणी निराळ्याच जागीं दडून बसल्या होत्या.

त्यांतील पहिली अडचण ऑगस्ट १९६१ मध्येंच दिसली. गर्मान टिटोव्ह हे एका दिवसाहून थोडा अधिक काळ वर राहिले, आणि त्यांना मळमळूं लागलें. आपल्या कानाच्या अगदीं आंतल्या भागांत चुन्याच्या जातीचे अतिसूक्ष्म खडे असतात. डोकें कलतें तेव्हां ते आपल्या वजनानें सरकतात आणि खालीं कोणती बाजू व वर कोणती हें मेंदूस कळवितात. वजन गेलें कीं हे खडे कांहींच धड सांगत नाहींत. डोळे एक सांगतात, कान दुसरेंच. बोटींत बसलेल्या माणसाप्रमाणें मळमळ, ओकारी, डोकेदुखी सुरू होते. अंतराळांत जाणाऱ्यांपैकीं निम्म्याहून अधिक लोकांना हा त्रास होतो. परंतु मेंदु मोठा शहाणा आहे. दोन-तीन दिवसांत तो कानांचें ऐकणें सोडून डोळ्यांवर भिस्त ठेवतो, आणि त्रास थांबतो. पृथ्वीवर परतल्यावर त्याला हा धडा पुन्हां उलटा गिरवावा लागतो. म्हणूनच परत आलेला माणूस कोपऱ्यावरून वळतांना झोंक जाऊन भिंतीवर आदळतो.

आतां देहांतील द्रवांची गोष्ट पाहूं. उभ्या माणसाच्या अंगांतील रक्त व इतर पाणी पृथ्वीच्या ओढीनें पायांकडे जाऊं पाहतें. तें तेथेंच सांचून राहूं नये म्हणून हृदय, शिरा व पोटऱ्यांचे स्नायु तें सतत वर चढवीत असतात. अंतराळांत खालीं ओढणारा पक्ष नाहींसा होतो, पण वर ढकलणारा पक्ष आपलें काम चालूच ठेवतो. परिणामीं थोड्याच वेळांत सुमारें दोन लिटर द्रव पायांकडून छाती व डोकें यांकडे सरकतो. चेहरा सुजल्यासारखा दिसतो, नाक चोंदतें, जेवणाची चव मंद लागते, आणि पाय मात्र काटकुळे होतात.

येथें आपल्या देहाचा एक स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचनाची किल्ली तीच आहे. देह हा मोठा हिशेबी गृहस्थ आहे. ज्याची मागणी नाहीं तें तो बाळगीत नाहीं. छातींत व डोक्यांत पाणी अधिक झालें असें वाटतांच तो तें कमी करतो, आणि रक्तांतील पातळ भाग दहा-पंधरा टक्क्यांनीं घटतो. तांबड्या पेशींचेंहि तसेंच. २०२२ सालीं कॅनडांतील संशोधकांनीं १४ अंतराळवीरांची तपासणी प्रसिद्ध केली; जमिनीवर असतांना देह दर सेकंदाला सुमारें २० लाख तांबड्या पेशी मोडून तितक्याच नव्या घडवितो, तर अंतराळांत दर सेकंदाला सुमारें ३० लाख मोडल्या जात होत्या. हृदयाला रक्त चढावर चढवावें लागत नाहीं, म्हणून त्याचाहि स्नायु बारीक होतो. वर असतांना या काटकसरीनें फारसें अडत नाहीं. अडतें तें परततांना. पृथ्वीची ओढ पुन्हां लागू होतांच उरलेलें रक्त पायांकडे धांवतें, मेंदूस तें अपुरें पडतें, आणि उभा राहिलेला माणूस घेरी येऊन पडतो. स्ट्रेचरचें एक कारण हें.

डोळ्यांच्या बाबतींत तर मौज झाली. ग्लेन यांच्या वेळची जी शंका हंसण्यावारी गेली होती, तिच्यांत तथ्य होतें; फक्त तें दिसावयास कांहीं तासांऐवजीं कांहीं महिने लागत होते. २०११ सालीं डॉक्टरांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, दीर्घकाळ वर राहणाऱ्या कांहीं अंतराळवीरांच्या डोळ्यांचा मागचा भाग चपटा होतो, दृष्टीच्या मज्जातंतूच्या मुळाशीं सूज येते, आणि जवळचें वाचणें अवघड होतें. डोक्याकडे सरकलेला द्रव हें त्याचें मुख्य कारण असावें असें मानलें जातें. चाळिशीचा चष्मा जसा आपण लावतों, तसे निरनिराळ्या नंबरांचे चष्मे हल्लीं अंतराळस्थानकांत ठेवलेले असतात.

सर्वांत गंभीर भाग स्नायु व हाडें यांचा आहे. उभें राहणें म्हणजे कांहीं न करणें, असें आपण समजतों. परंतु नुसतें ताठ उभें राहण्यासाठीं पाठीचे, मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायु क्षणोक्षणीं काम करीत असतात. अंतराळांत त्यांना काम नसतें. पाठीच्या मणक्यांवरचा भार गेल्यामुळें माणसाची उंची तीन टक्क्यांपर्यंत वाढते, पाठ दुखते, आणि ज्या स्नायूंनीं आजवर देह उभा धरला ते बारीक होऊं लागतात. १९७० सालीं सोयूझ ९ या यानांतून निकोलायेव्ह व सेवास्त्यानोव्ह हे दोन रशियन अंतराळवीर जवळजवळ १८ दिवस राहून आले, तेव्हां त्यांना यानांतून उचलून काढावें लागलें, आणि नीट चालावयास पुढें कांहीं दिवस गेले. अठराच दिवसांत तरण्याबांड पुरुषांची ही अवस्था पाहून डॉक्टर हादरले.

हाड म्हणजे कांहीं भिंतींतला दगड नव्हे. त्यांत जुना भाग खाणाऱ्या पेशी आहेत आणि नवा भाग रचणाऱ्या पेशी आहेत. दोघींचें काम जन्मभर चालूं असतें. जेथें भार पडतो तेथें रचणाऱ्या पेशी अधिक भर घालतात. भार गेला कीं रचणें मंदावतें आणि खाणें वाढतें. अंतराळांत पुरेशा व्यायामावांचून कंबर व मांडी यांच्या हाडांतील खनिज द्रव्य दरमहा एक ते दीड टक्का घटतें. उतारवयांतील स्त्रियांच्या हाडांची जेवढी झीज वर्षभरांत व्हावी, तेवढी येथें एका महिन्यांत होते. हाडांतून सुटलेला चुना मूत्रावाटे जातो, आणि त्यामुळें मुतखड्याचें भय वाढतें. शिवाय स्नायु जसे लवकर भरून येतात तशीं हाडें येत नाहींत. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, परत येऊन वर्ष लोटल्यावरहि १७ अंतराळवीरांपैकीं ९ जणांच्या नडगीचें हाड पूर्ववत् झालेलें नव्हतें.

यावर उपाय काय? उपाय जुनाच, मेहनत. अंतराळस्थानकांत प्रत्येकाला दररोज सुमारें दोन तास व्यायाम करावा लागतो. वजनेंच नसल्यामुळें तेथें मुद्गल उचलून भागत नाहीं. म्हणून पळण्याच्या फिरत्या पट्ट्यावर माणसाला पट्ट्यांनीं खालीं खेंचून बांधतात, आणि २००८ सालीं पाठविलेल्या एका यंत्रांत निर्वात नळकांड्यांच्या जोरावर जड वजन उचलल्याइतका विरोध निर्माण केला जातो. १९८४ च्या एप्रिल महिन्यांत आपले राकेश शर्मा सल्यूत ७ या स्थानकावर गेले, तेव्हां त्यांनीं तेथें योगासनांचेहि प्रयोग केले होते. २०२५ सालीं शुभांशु शुक्ला १८ दिवस अंतराळस्थानकांत राहिले. त्यांच्याकडे सोंपविलेल्या भारतीय प्रयोगांत स्नायूंच्या पेशींचा एक प्रयोग होता.

मेहनतीनें काय साधतें, याचें ठळक उदाहरण वालेरी पोल्याकोव्ह यांचें. हे रशियन गृहस्थ स्वतः डॉक्टर होते. ८ जानेवारी १९९४ रोजीं ते निघाले आणि मीर या स्थानकावर राहून २२ मार्च १९९५ रोजीं परतले. एकूण ४३७ दिवस. इतका दीर्घ एकसलग प्रवास त्यापूर्वीं कोणीं केला नव्हता. मंगळावर पोहोंचलेला माणूस तेथें उतरून काम करूं शकेल कीं नाहीं, हा त्यांचा प्रश्न होता, आणि प्रयोगासाठीं त्यांनीं आपलाच देह दिला. परत आल्यावर, उचलून नेण्याची रीत असतांना, ते यानापासून जवळच मांडलेल्या खुर्चीपर्यंत आपल्या पायांनीं चालत गेले. तीं थोडीं पावलें हेंच त्यांचें उत्तर होतें.

परंतु या उत्तरानें मंगळाचा प्रश्न पुरता सुटला असें नाहीं. व्यायामानें ज्याला अडवितां येत नाहीं असा एक शत्रु बाहेर आहे. तो म्हणजे किरणोत्सर्ग. सूर्यापासून व दूरच्या ताऱ्यांकडून येणारे वेगवान कण पृथ्वीचें चुंबकीय क्षेत्र व वातावरण थोपवून धरतात. चंद्राकडे जाणाऱ्या अंतराळवीरांना मिटलेल्या डोळ्यांपुढेंहि प्रकाशाच्या ठिणग्या दिसत. ते कण डोळ्यांतून आरपार जात असल्याची ती खूण होती. पृथ्वीवर निसर्गतः माणसाला वर्षाकाठीं सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट इतका किरणोत्सर्ग मिळतो. २०११-१२ सालीं क्युरिऑसिटी हें यान मंगळाकडे जात असतांना त्यांतील उपकरणानें दिवसाला सुमारें १.८ मिलिसीव्हर्ट मोजले. हिशेब सोपा आहे: जातांना सहा महिने व येतांना सहा महिने धरले, तर नुसत्या वाटेवरच साडेसहाशेंच्या आसपास भरतात. अमेरिकेच्या नासा या संस्थेनें अंतराळवीराच्या सबंध कारकीर्दीसाठीं ठरविलेली मर्यादा ६०० आहे. याचा अर्थ माणूस तत्काळ आजारी पडेल असा नव्हे. पुढील आयुष्यांत कर्करोग होण्याचा संभव वाढतो, असा आहे.

दुसरी अडचण एकटेपणाची. अंतराळस्थानकांतील एका अंतराळवीराच्या मानेंतील शिरेंत रक्ताची गुठळी आढळली, ही हकीकत जानेवारी १९२० च्या शंभर वर्षांनंतर, म्हणजे जानेवारी २०२० मध्यें वैद्यकीय नियतकालिकांत आली. पृथ्वीवरील डॉक्टरांनीं तपासणी पाहिली, उपचार सांगितला, आणि औषध संपण्यापूर्वीं दुसरें औषध सामानाच्या यानानें वर धाडलें. माणूस बचावला. मंगळाच्या वाटेवर मात्र असा पुरवठा पोहोंचणार नाहीं. तेथून विचारलेला प्रश्न पृथ्वीवर यावयासच कधीं कधीं वीस मिनिटांहून अधिक लागतील. आणि सहा महिन्यांच्या प्रवासानें दुबळा झालेला माणूस मंगळावर उतरेल, तेव्हां त्याला उचलून घ्यावयास दारांत कोणीहि उभें नसेल.

येथें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, नाहींतर मी श्रोत्यांना उगीच भेवडविलें असें होईल. स्कॉट केली व मार्क केली हे जुळे बंधु, दोघेहि अंतराळवीर. २०१५-१६ सालीं स्कॉट ३४० दिवस वर राहिले, मार्क जमिनीवर. आणि दोघांच्या देहांची तुलना करण्यांत आली. २०१९ सालीं तिचे निष्कर्ष आले. स्कॉट यांच्या देहांतील अनेक जनुकांचें काम वर असतांना बदललें होतें. परंतु परत आल्यावर सहा महिन्यांत त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक जनुकें पूर्वस्थितीस आलीं होतीं. देह जसा चटकन् सोडून देतो, तसाच, मागणी पुन्हां आली कीं, बरेंचसें परतहि मिळवितो.

श्रोतेहो, आतां हें सर्व आपल्या घरांत आणूं. अंतराळांतील हे फेरफार जमिनीवर अभ्यासावयाचे असले तर शास्त्रज्ञ काय करतात? ते निरोगी माणसांना अंथरुणावर निजवितात. २०१९ सालीं जर्मनींतील कोलोन येथें कांहीं स्त्रीपुरुषांना, डोक्याची बाजू सहा अंश खालीं ठेवून, ६० दिवस निजवून ठेविलें होतें. जेवण, स्नान, सर्व कांहीं निजूनच. त्यांच्या देहांत अंतराळवीरांसारखेच फेरफार घडून येतात. याचा उलटा अर्थ आपण घेतला पाहिजे. महिनाभर खाटेवर पडून राहिलेला आपल्या घरांतील वृद्ध एका अर्थीं अंतराळप्रवासच करीत असतो. पाय मोडून निजलेली आजी, तापांतून उठलेले आजोबा यांना आपण प्रेमानें म्हणतों, “पडून राहा, पाणीसुद्धां आम्ही हातांत देऊं.” त्यांचा हिशेबी देह तें ऐकतो, आणि पोटऱ्या, हाडें, रक्त यांचा खर्च कमी करतो. मग पहिल्यांदा उठतांना घेरी येते, पुन्हां पडण्याची धास्ती वाटते, आणि खाट कायमची होते.

जॉन ग्लेन १९९८ सालीं पुन्हां अंतराळांत गेले, तेव्हां त्यांचें वय ७७ वर्षांचें होतें. वार्धक्यांत होणारे फेरफार व अंतराळांत होणारे फेरफार यांतील साम्य तपासणें हा त्या नऊ दिवसांच्या प्रवासाचा एक हेतु होता. माझ्यासारख्या साठी ओलांडलेल्या माणसाला त्यांतून एक बोध घेण्यासारखा आहे. वय थांबविणें आपल्या हातीं नाहीं. पण देहापुढें रोज थोडी मागणी ठेवणें आपल्या हातीं आहे. डॉक्टरांनीं अनुज्ञा देतांच रुग्णाला उठवून बसवावें, आधार देऊन उभें करावें, चार पावलें चालवावें. वृद्धांनीं जिना चढावा, बाजारांतून झेंपेल तेवढी पिशवी स्वतः आणावी, दोन वेळां फिरून यावें. अंतराळवीर दोन तास पट्ट्यांनीं स्वतःला जखडून घेऊन, घाम गाळून जें कसेंबसें मिळवितो, तें पृथ्वीची ओढ आपणांस उभें राहतांच फुकट देते. तें नाकारूं नये, एवढेंच माझें सांगणें आहे.